एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

४ मार्च

ताई,

“तू सांगतेस म्हणून मी मानते. बाबांनी सांगितलं असतं तर मानलं नसतं.”

हे वाक्य तुझं. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून, माझ्याकडे न बघता तू ते म्हणालीस, त्याला येत्या सप्टेंबरात चोवीस वर्षं होतील. तुला ते आठवत असेलच असं नाही. पत्राची सुरुवात त्यानेच का केली ते मलाही नीटसं ठाऊक नाही. खोडणार होते, पण मग सगळा कागद बदलावा लागला असता. राहू दे.

बाबा गेल्याचा निरोप मी तुझ्या शाळेत फोन करून ठेवला होता. कारकुनाने दोनदा विचारलं, “बाईंचे वडील? पण त्या तर म्हणाल्या होत्या की...” तू आली नाहीस. तू येशील असं मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुणापुढे तोंडघशी पडायची वेळ आली नाही.

शेवट साधा झाला. दुपारी खुर्चीत पेपर वाचत होते. मी स्वयंपाकघरातून विचारलं, “चहा टाकू का?” उत्तर आलं नाही. मला वाटलं, कशावरून तरी रागावलेत. चांगली दहा मिनिटं मी त्यांचा राग जायची वाट बघत ओट्याशी उभी होते.

आता कामाचं. क्रेनकाका आठवतात का तुला? जहाजांच्या यार्डातली मोठी क्रेन चालवायचे आणि वरूनच सगळ्या गावाशी गप्पा मारायचे, ते. ते आता कॉलनीच्या समितीचे सचिव आहेत. कानांनी कमी ऐकू येतं, पण आवाज अजून क्रेनवरचाच आहे. मागच्या आठवड्यात दारातूनच ओरडले, “साहेबांचं चरित्र काढायचं! शंभर पानं! फोटोंसकट! आणि ते तू लिहायचं!”

“मी?”

“मग काय मी? मी उभा जन्म माणसं वरून बघितली. मला फक्त टकलं आठवतात.”

बाबांच्या वाढदिवसाला, म्हणजे वीस मेला, कॉलनीच्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचंय आणि त्याच दिवशी पुस्तक. मी हो म्हटलं. वाचनालय मीच चालवते, चार ओळी लिहिता येतात, आणि घरात मी एकटीच उरलेय. नाही कशाच्या जोरावर म्हणणार?

पण माझ्या जन्माआधीचे बाबा मला माहीत नाहीत. ते मुख्य व्यवस्थापक व्हायच्या कितीतरी आधीचे, आखणीच्या मजल्यावर गुडघे टेकून जहाजाच्या रेषा खडूने आखणारे बाबा. तू त्यांच्यासोबत तिथे जायचीस असं आई सांगायची. जहाजाच्या पूर्ण मापाच्या रेषा जमिनीवर, आणि तू त्यांच्यावरून अनवाणी चालायचीस, म्हणून संध्याकाळी तुझे तळपाय पांढरे असायचे. हे खरं का? अजून काही आठवत असेल तर लिही. त्रास होणार नाही एवढंच लिही.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘मला त्या माणसाच्या आठवणी नाहीत. शोधत बसू नकोस.’ आठ शब्द. मोजले.

तरी लिहितेय. पुस्तकाची कच्ची वही म्हण हवं तर.

पंधरा दिवस घरोघर फिरतेय. लोक बाबांबद्दल बोलायला लागले की खुर्चीच्या कडेला येऊन बसतात. पाणी चौथ्या मजल्यावर चढत नव्हतं, ती गोष्ट तर मला अकरा जणांनी सांगितली. साहेबांनी स्वतःचा बंगला सोडला, कुटुंब घेऊन चौथ्या मजल्यावर राहायला गेले, आणि पंप बसेपर्यंत सात महिने रोज सकाळी स्वतः बादल्या वाहिल्या. तुला ते सात महिने आठवत असतील. सांगणाऱ्यांच्या गोष्टीत बादल्या वाहणारे आईचे हात नसतात. मी ते पुस्तकात घातलेत, बघू ठेवतात का.

पाळणाघर चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, “साहेब रागावले की ‘आपण’ म्हणायचे. ‘आपण आज उशिरा आलात?’ म्हटलं की पायाखालची जमीन सरकायची. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.” जिन्यावर उभं राहून ते भांडणं सोडवायचे, खाली बसायचे नाहीत. बसलं की माणूस एका बाजूचा होतो, असं त्यांचं म्हणणं. दोन भाऊ एका खोलीवरून हातघाईवर आले तेव्हा म्हणे दोघांना जिन्यात तीन तास उभं ठेवलं. शेवटी पाय दुखायला लागले म्हणून समेट झाला.

आणि एक गोष्ट, जी मला आधी माहीत होती पण इतक्या जणांच्या तोंडून ऐकल्यावर वेगळी वाटली. भाऊजी गेले त्या वर्षानंतर जहाज पाण्यात सोडायच्या आधी दर वेळी बाबा स्वतः स्लिपवेवर, जहाज ज्या उतारावर उभं असतं तिथे, उतरायचे आणि जहाजाखालून, कमरेत वाकून, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत बॅटरी घेऊन चालत जायचे. पासष्टाव्या वर्षीसुद्धा. गुडघे बोलायचे, तरी. वर पाहुणे ताटकळलेले, भरती चढलेली, आणि साहेब खाली. कामगार आपसांत म्हणायचे, “साहेबांचं जहाजाखाली काहीतरी हरवलंय.” हे सांगताना अजून हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसते, नाहीतर विचित्र दिसलं असतं.

त्या वर्षाबद्दल तीन ओळी लिहिल्यात. तुला दाखवणं भाग आहे:

‘त्या वर्षी जहाज पाण्यात सोडताना एका सुतार कामगाराचा स्वतःच्या अनवधानाने मृत्यू झाला. साहेबांनी हा घाव धैर्याने सोसला. त्यानंतर त्यांनी सुरक्षेकडे विशेष लक्ष पुरवले.’

क्रेनकाकांनी वाचून “झकास!” म्हटलं. भाऊजींना मी ‘एक सुतार कामगार’ केलं. ते साहेबांचे जावई होते हे लिहिलं तर लोक चुकचुकतील आणि बाबांचा मोठेपणा आणखी वाढेल, म्हणून टाळलं. तुझी काही हरकत असेल तर कळव.

धाकटी


२ एप्रिल

ताई,

चार पानं! चोवीस वर्षांत पहिल्यांदा एवढं लिहिलंस आणि ते असं.

तू म्हणतेस ते सगळं कबूल. जहाज सोडायचा हुकूम बाबांचाच होता. ‘सोसला’ हे क्रियापद बाबांना मिळालं आणि तुला मिळालं नाही. तुझी पत्रं यायची, पहिली चार वर्षं, दर महिन्याला. मी आधी दोन पानी उत्तर लिहायची, मग अर्धं पान, मग कार्ड, मग तेही नाही. तुला वाटलं बाबांनी बंदी घातली. नाही ग. तुझं पत्र आलं की ते पाकीट न फोडता माझ्या ताटाशेजारी ठेवायचे आणि उठून बाहेर जायचे. मीच लिहीत नव्हते. दर पत्राच्या शेवटी तू लिहायचीस, ‘तू आहेस म्हणून’. त्याला उत्तर देता यायचं नाही.

माझं लग्न झालं नाही त्याचं कारणही तूच विचारलंयस, म्हणून सांगते: कुणी आवडलं नाही, आणि ज्यांना मी आवडले ते फार बोलायचे. उगाच त्यात दुसरं काही शोधू नकोस.

तुझ्या तिसऱ्या पानापाशी मी अडकलेय. तू रागाच्या भरात, जाता जाता लिहिलंयस, तुझ्या मते महत्त्वाचं नसलेलं. ‘माझी लेक तेवीस वर्षांची झाली. औषधांच्या दुकानात काम करते. एकेका चिठ्ठीवरच्या गोळ्या तीनदा मोजते, मालक वैतागतो. घराबाहेर पडली की कुलूप लावलंय का बघायला तीनदा जिना चढते. गॅस बंद केलाय ना, हे मला दुकानातून फोन करून विचारते. लहानपणी मी तिला सारखं म्हणायची, बापासारखा विसराळूपणा करू नकोस, त्याचं विसरणं त्याच्या जिवावर बेतलं. तेवढं एक तिच्या चांगलं लक्षात राहिलं.’

तीनदा जिना चढते.

ताई, मी आज इथे थांबते. स्वयंपाक व्हायचाय असं लिहिणार होते, पण माझ्या एकटीचा कसला स्वयंपाक. उद्या लिहीन. खरंच लिहीन.


३ एप्रिल

ताई,

हे पत्र बसून वाच. घरात कुणी नसताना वाच.

यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी सगळं लिहिते. ‘माहीत आहेच’ म्हणून सोडून देण्यातच पूर्वी घोटाळा झाला.

स्लिपवेच्या तोंडाशी दोर बांधलेला असायचा आणि दोराबाहेर एक काळी पाटी. तिच्यावर साठ आकडे आणि साठ हूक. जहाजाखाली शिरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला आपल्या आकड्याखाली अडकवून आत जायचं आणि बाहेर आल्यावर काढून न्यायचा. ज्याचा त्याने काढायचा, दुसऱ्याचा नाही. पाटी रिकामी, म्हणजे जहाजाखाली माणूस नाही. मगच जहाज सोडायचं. हा नियम बाबांनी आणला होता. मी बावीस वर्षांची होते, टाइम ऑफिसात लागून वर्ष झालं होतं, आणि ती पाटी माझ्याकडे होती.

भाऊजींचा नंबर एक्केचाळीस. टेकू काढणाऱ्या सुतारांत त्यांच्याइतका हात कुणाचा नव्हता, पण बिल्ला मात्र ते पाटीवरच विसरायचे. दोन लेखी ताकिदी झाल्या होत्या. दोन्हींवर बाबांचीच सही. “जावई असला म्हणून पाटी वेगळी नाही,” हे त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. तिसरी ताकीद झाली की महिनाभर घरी बसावं लागलं असतं, आणि तुला तेव्हा पाचवा महिना होता. म्हणून मी एक सोय काढली. भाऊजी संध्याकाळी गेटाबाहेर पडताना दिसले की त्यांचा बिल्ला मीच काढून खिशात टाकायची आणि सकाळी गुपचूप त्यांच्या हातात ठेवायची.

“वाचवलंत छोटे साहेब,” ते म्हणायचे.

“भाऊजी, एक दिवस ताईलाच कुठेतरी विसरून याल.”

“तिला विसरायची सोय नाही. ती ओरडून आठवण करते.”

असं तीन-चार महिने चाललं. तुला यातलं काही माहीत नव्हतं. तू रागावली असतीस, आणि बरोबर रागावली असतीस.

त्या दिवशी भरती दुपारी दोनची होती. पाणी जेमतेम वीस मिनिटं हवं तेवढं टिकतं, मग पुढचा मुहूर्त पंधरा दिवसांनी. मंचावर पाहुणे. पावणेदोनच्या सुमारास मी भाऊजींना पाण्याच्या पिंपाशी बघितलं. त्यांनी पाणी पिता पिता माझ्याकडे बघून पेला उंच केला. मी हात हलवला. पिंप दोराच्या आतल्या बाजूला होतं. तिथवर आलेला माणूस बाहेर आला असं होत नाही. हे मला माहीत होतं. मग आतून सुतार भराभर बाहेर यायला लागले, ज्याचा तो बिल्ला काढून नेऊ लागला, मी आकडे बघत होते. शेवटी एकच बिल्ला राहिला. एक्केचाळीस.

मी पिंपाकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. मला वाटलं, गेले हे पुढे दोरखंडांपाशी, आणि बिल्ला विसरले. नेहमीसारखे.

फोन वाजला. मंचावरून बाबा. “पाटी?”

डाव्या हातात फोन होता. उजव्या हाताने मी बिल्ला काढला.

“रिकामी,” मी म्हटलं.

त्या क्षणी मला हसू येत होतं, ताई. तेही लिहिते. संध्याकाळी त्यांना काय काय ऐकवायचं, ते मी मनात जुळवत होते.

ते फक्त पाणी प्यायला आले होते. मागच्या बाजूचा एक टेकू पाचरीत अडकला होता, तो काढायला ते परत आत गेले. काम संपलं नव्हतं, म्हणून बिल्ला काढला नव्हता. त्या दिवशी भाऊजी काहीही विसरले नव्हते. एकही गोष्ट नाही. नियमात जसं लिहिलंय तसं त्यांनी केलं. त्यांना विसराळू मी ठरवलं, प्रेमाने ठरवलं, आणि हात पुढे केला.

मी तासाभराच्या आत बाबांना सांगितलं. टाइम ऑफिसात, दार लावून. बिल्ला माझ्या मुठीतच होता, त्यांना माझी बोटं एकेक करून उघडावी लागली. त्यांनी आकडा वाचला. मग म्हणाले, “हे आपण मला सांगितलंत. आता पुन्हा कुणाला सांगायचं नाही. बिल्ला पाटीवर नव्हताच. म्हणा.”

मी म्हटलं.

“पुन्हा.”

पुन्हा म्हटलं.

मग मी त्यांना लॉकरच्या खोलीकडे जाताना बघितलं. चौकशीच्या अहवालात लिहिलंय की मयताचा बिल्ला त्याच्या लॉकरमध्ये सापडला, म्हणजे त्याने तो पाटीवर लावलाच नव्हता. चार दिवसांनी तुला पिशवी मिळाली: एक सदरा, डबा आणि तो बिल्ला. तो बिल्ला तिथे बाबांनी ठेवला होता.

आणि मग तू दवाखान्यात भरती होतीस तेव्हा, व्हरांड्यात, मला विचारलंस, “खरं सांग, बिल्ला होता का पाटीवर?”

“नव्हता ताई.”

पुढचं वाक्य पहिल्या पत्रात लिहिलंय.

बाबांनी मला वाचवलं, यार्डाला वाचवलं की स्वतःला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. चोवीस वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. मीठ दे, पाणी दे, दिवा मालव. बादल्या त्यांनी खरंच वाहिल्या, भांडणं खरंच मिटवली, आणि हेही त्यांनीच केलं. मी त्यांच्यावर ढकलत नाहीये. म्हणायला लावलं त्यांनी, पण तोंड माझं होतं. तू विचारत होतीस ती मला.

तुझ्या लेकीचे वडील विसराळूपणाने गेले नाहीत. एवढं आधी वाच, बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल.


२६ एप्रिल

ताई,

तीन आठवडे झाले. पत्र तुला मिळालंय हे नक्की. पोच आली, सही तुझी आहे. उत्तर मागत नाही. इथे काय झालं तेवढं कळवते.

समितीपुढे मी सगळं बोलले. सातजण होते. क्रेनकाकांना दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून. असली गोष्ट ओरडून सांगण्याची वेळ कुणावर येऊ नये.

“साहेब तसे नव्हते!” ते म्हणाले.

“काका, मी बघितलंय.”

“साहेब गेले. तुझे भाऊजी गेले. आता हे कुणासाठी?”

“भाऊजींची मुलगी आहे.”

हे त्यांना ऐकू आलं नाही, की आलं, कोण जाणे. ते चष्मा पुसत बसले.

पाळणाघराच्या बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “एवढी वर्षं थांबलीस. अजून थोडी थांबली असतीस तर आम्हीही गेलो असतो. सुखाने.”

भाऊजींच्या जोडीला काम करणारे म्हातारे सुतारबाबा कोपऱ्यात होते. ते म्हणाले, “मी त्याला म्हटलं होतं, राहू दे तो टेकू, जहाज जाताना आपोआप पडेल. तो म्हणाला, चांगलं लाकूड आहे, फुकट मोडेल. मला वाटलं, ऐकलं माझं.” आणि पुढे म्हणाले, “मला वाटायचं, बिल्ला न लावता गेला कसा? घाईत नव्हता तो.” बाहेर पडताना त्यांनी माझ्या चपला सरळ करून ठेवल्या होत्या. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलेलं नाही.

पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं. आता निवृत्त हेडमास्तर लिहिणार आहेत. सभागृहाला नाव बाबांचंच राहणार. मी विरोध केला नाही. ते सभागृह त्यांनी खरंच बांधलंय. फक्त माझ्या तीन ओळी काढून घ्या म्हटलं. त्या काढल्या. त्यांच्या जागी काय येणार ते ठरलं नाही. बहुतेक काहीच येणार नाही.

मग यार्डात गेले. सुरक्षा विभागात आता एक तरुण अधिकारी आहे. त्याने माझं सहा पानी निवेदन शांतपणे वाचलं, मला पाणी दिलं आणि म्हणाला, “मॅडम, ती पाटी आता राहिली नाही, सगळं कार्डावर चालतं. ही फाइल कुणी उघडत नाही. तुम्हाला नक्की काय हवंय?”

“त्या अहवालात लिहिलंय की माणसाने बिल्ला लावला नव्हता. त्याने लावला होता. मी काढला. एवढं त्याला जोडून ठेवा.”

“तुमच्यावर काही येऊ शकतं.”

“येऊ द्या.”

आठ दिवसांनी पत्र आलं. निवेदन मूळ अहवालाला जोडलं आहे, आणि मृत्यूच्या कारणातला ‘स्वतःच्या अनवधानाने’ हा मजकूर पुढच्या चौकशीपर्यंत स्थगित. त्याची प्रत सोबत ठेवलीय. मला साक्षीला बोलावतील तेव्हा जाईन. कागद कोरडा आहे, पण त्यावर भाऊजींचं पूर्ण नाव आहे आणि खाली माझं.

धाकटी


११ मे

ताई,

तुझं पत्र काल आलं.

माझ्याबद्दल तू लिहिलंयस, ‘बाबांचा मला राग होता, तो मी पेलला, तुझ्यावरचा विश्वास मात्र माझ्या संसाराची एकच धड भिंत होती.’ हे मी पुन्हा पुन्हा वाचत नाही. एकदा वाचलं ते पुरलं. माफीबिफी मागायला मी लिहिलं नव्हतं, आजही मागत नाहीये.

पण खालचं वाचून मी गप्प बसू शकत नाही. ‘लेकीला यातलं काही कळता कामा नये. तिने जे मानलंय त्यावर ती उभी आहे. तेवीस वर्षं मी तिला ज्यासाठी बोलत आले ते घडलंच नव्हतं, हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? दुधाची पिशवी विसरली तरी मी तिला तिच्या बापाचं मरण ऐकवलंय. हे तू माझ्याकडून करवून घेतलंस. आता एवढं तरी कर, गप्प राहा. तुला जमतं ते.’

जमतं. खरंय.

ताई, मला गप्प राहण्याची पूर्ण माहिती आहे. गप्प राहणं घरात कसं वागतं ते तुला सांगू शकते. पहिल्यांदा वाटतं, आपण कुणाला तरी जपतोय. मग ज्याला जपतोय त्याची पत्रं फोडवत नाहीत. मग एके दिवशी चहा टाकू का विचारावं, तर पलीकडून उत्तर येत नाही, आणि तेव्हासुद्धा पहिला विचार येतो तो राग आला असेल हाच, कारण दुसरं काही बोलायची सवयच राहिलेली नसते. तू तिला जपशील. ती गोळ्या मोजत राहील. तू कुलपाचा आवाज तीनदा ऐकशील, आणि आता तुला माहीत असेल की त्याची गरज नव्हती. गेल्या महिन्यापर्यंत तुला ते माहीत नव्हतं. ते ओझं मीच तुझ्या अंगावर टाकलं, म्हणून हे लिहिण्याची हिंमत करतेय.

तू सांगू नकोस. तुझ्या तोंडून ते निघूच नये. तू तिला बोललीस ते माझ्या शब्दावर विसंबून, तुझ्या मनाने नव्हे. हे तिला तू सांगितलंस तर ती सारवासारव वाटेल. मी सांगितलं तर कबुली असेल. मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिच्या दृष्टीने मी कुणीच नाही, पत्र लिहायचं बंद केलेली कुणी मावशी. बरंच आहे. माझ्यावर रागावताना तिला काही गमवावं लागणार नाही. तुझ्यावर रागावली तर तिचं घर जाईल.

मी कागदपत्रं आणणार नाही. यार्डाचं पत्र तुझ्याकडे आहे, हवं तर तू दाखव. मी समोर बसेन आणि पहिल्यापासून सांगेन. तिच्या वडिलांचा हात कसा होता, ते माझी काय चेष्टा करायचे, तेही सांगेन. हे तिला कुणी सांगितलंच नसणार. सगळ्यांनी फक्त त्यांचं मरण सांगितलं. ती विचारेल, का केलंत असं. त्याला मी उत्तर पाठ करून येणार नाही. जे येईल ते बोलेन. तिने उठून जायचं ठरवलं तर जाऊ दे. तिने मला हाकलायचं ठरवलं तर मी जिना उतरेन आणि परत येणार नाही, पत्रही लिहिणार नाही. तू म्हणशील तेव्हा थांबेन. तुला खोलीत बसायचं नसेल तर तू शेजारी जाऊन बस.

तू नाही म्हणशील. मला माहीत आहे. मी तुझ्या जागी असते तर हे पत्र इथवर वाचलंही नसतं.

तिची सुट्टी रविवारी असते, तूच लिहिलं होतंस. येत्या रविवारी, सकाळी, मी येऊ का?